आजार दवाखान्याच्या आधी कुठं ठरतो? मराठवाड्यातलं आरोग्य, रीतीभाती आणि सरकारी धोरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांमध्ये मी वीस-बावीस वर्षं आरोग्याचं काम करते आहे. बैठकीला बाया येतात, नव्यानं रुजू झालेले डॉक्टर येतात, समाजकार्याचं शिक्षण घेणारी पोरं-पोरी येतात. विचारणारे बदलतात, प्रश्न फारसे बदलत नाहीत. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषय दोन ओळींत सांगितले तर खोटे होतात.

आरोग्य म्हणजे डॉक्टर, औषधं, दवाखाना. त्यात समाज आणि रीतीभाती कुठून आल्या?

लोहाच्या गोळीपासून सुरुवात करू. गरोदर बाईला उपकेंद्रात गोळ्या फुकट मिळतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. गोळ्या जातात कुठं? आमच्या एका गावात मी घरोघर जाऊन पाहिलं. बहुतेक घरांत त्या फडताळात, पत्र्याच्या डब्यात होत्या.

कारणं विचारली तर तीन निघाली. सासू म्हणाली, "गोळीनं लेकरू मोठं होतं, मग बाळंतपण अवघड जातं." सून म्हणाली, "परसाकडं काळं होतं, भ्या वाटतं." आणि तिसरं कारण कुणी बोलून दाखवलं नाही, ते बघून कळलं. गोळी सकाळी रिकाम्या पोटी घेतली जात होती, कारण सुनेला पहिला घास दुपारी, सगळ्यांचं झाल्यावर मिळत होता. रिकाम्या पोटी मळमळणारच. नोंदवहीत मात्र या सगळ्यापुढं एकच शेरा होता: "सांगूनही ऐकत नाहीत."

आम्ही सासवांची वेगळी बैठक घेतली आणि गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली. औषध तेच होतं, पण डबे रिकामे व्हायला लागले. दवाखाना लागतोच, माझं काही दुमत नाही. पण दवाखान्यातून बाईच्या पोटापर्यंतचा रस्ता घरातून जातो आणि तो कुठल्याही आराखड्यात काढलेला नसतो.

बीडच्या ऊसतोड बायांच्या "पिशव्या काढल्या" ही बातमी खरी होती का?

खरी होती. २०१९ मध्ये ती देशभर गाजली. त्यानंतर राज्य सरकारनं तेव्हाच्या विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशपातळीवर १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

आकडा वाचून लोक विचारतात, "पण असं का?" त्याचं उत्तर उसाच्या फडात आहे. दिवाळीच्या आगेमागे गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात संपून जाते आणि मग पुढचे पाच-सहा महिने ती फेडण्यात जातात. पहाटे तीन-चारला उठायचं, ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. एक दिवस चुकला की खाडा, आणि पाचशे रुपयांपर्यंत खाडा कापल्याचं बायांनी सांगितलेलं आहे. कोपीला, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीला, न्हाणी नाही, संडास नाही, पाणी दुरून आणायचं. पाळीची घडी बदलायला आडोसा नाही. एकच कापड ओलसर ठेवून पुन्हा वापरायचं. त्यातून अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, कंबर धरणं सुरू होतं. फडात असताना ते अंगावर काढायचं आणि हंगाम संपून गावी आल्यावर दाखवायचं.

तोवर दुखणं जुनं झालेलं असतं. सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ मिळेलच अशी खात्री नसते. खासगीत मग सांगितलं जातं, "पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल." कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर कोणती बाई थांबेल? जो जंतुसंसर्ग दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी गेला असता, त्यासाठी तिशीच्या आतल्या बायांची गर्भाशयं काढलेली मी पाहिली आहेत. पुढं हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात, जीव घाबरतो. शस्त्रक्रियेचं कर्ज वेगळंच. ते फेडायला पुन्हा उचल घ्यावी लागते.

पण बाया स्वतः होऊन मागतात ना? मग दोष कुणाचा?

मागतात. दोन-तीन लेकरं झाली आहेत, नसबंदी झाली आहे, पाळी म्हणजे दरमहा दोन-तीन खाडे, देवाधर्माला शिवायचं नाही, वर कॅन्सरची भीती. असा हिशोब मांडला की "काढून टाका" हेच उत्तर येतं. हिशोब बाईचा असतो, पण त्यातला एकही आकडा तिनं ठरवलेला नसतो. खाडा मुकादमानं ठरवला, विटाळ घरानं ठरवला, भीती डॉक्टरनं घातली. हिला मी तिची निवड म्हणणार नाही.

सरकारनं पुढं बीडमध्ये एक चांगली गोष्ट केली. खासगी दवाखान्यात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असा नियम केला. त्यानं आळा बसला. मात्र परवानगीचा कागद शेवटच्या पायरीवर येतो. पहिल्या पायरीवर कोपीजवळची न्हाणी, पाळीच्या दिवसांत खाडा न कापणं आणि कारखान्याच्या तळावर आठवड्यातून एकदा डॉक्टर लागतो. यांतली एकही गोष्ट आरोग्य खात्याच्या एकट्याच्या हातात नाही. साखर, कामगार, ग्रामविकास ही खाती एकत्र बसल्याशिवाय बाईचं ओटीपोट दुखायचं थांबणार नाही.

कायदा इतका कडक असताना अजून सोळा-सतराव्या वर्षी लग्नं का होतात?

२०१९-२१ च्या त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या ज्या बायांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं. परभणीत ते ४८ टक्के आणि बीडमध्ये ४४ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे परभणीत जवळजवळ दर दुसरी.

"अज्ञान" हे उत्तर मला मान्य नाही. मी ज्या मायबापांशी बोलले, त्यांतल्या प्रत्येकाला कायदा ठाऊक होता. काहींनी तर लग्न रात्री, दुसऱ्या तालुक्यातल्या मंदिरात लावलं ते कायदा ठाऊक असल्यामुळंच. त्यांची अडचण अशी: आम्ही सहा महिने कारखान्यावर. चौदा-पंधरा वर्षांची लेक म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची की फडात न्यायची? फडात उघड्यावरची कोपी, गावात टवाळ पोरं. सातवीनंतरची शाळा चार-पाच किलोमीटरवर, एसटी कधी येते कधी नाही. "काही झालं तर?" या तीन शब्दांपुढं सगळी भाषणं थांबतात. त्यात वय आणि शिक्षण वाढलं की हुंडा वाढतो. आणि जोडपं झालं की एक नवा कोयता तयार होतो, नवी उचल मिळते. दुष्काळाच्या सालात तर घरातलं एक ताट कमी होतं हाही विचार असतो. तो बोलून दाखवताना बापाचा आवाज बसतो, हे मी ऐकलेलं आहे.

ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. पण त्यालाही त्याच गावात काम करायचं असतं. अंगणवाडीताईला तर त्याच गावात जगायचं असतं. १०९८ या क्रमांकावर नाव न सांगता कळवता येतं आणि अशा फोनवरून लग्नं थांबलेली आहेत.

एक गोष्ट मात्र धोरण ठरवणाऱ्यांनी नीट ऐकावी. अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यामुळं सतरा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. हेतू योग्य आहे. गावात त्याचा परिणाम असा झाला की अशा मुली नोंदणीलाच येत नाहीत. वय वाढवून सांगतात, नाहीतर सातव्या महिन्यापर्यंत लपवतात. जिला तपासणीची सगळ्यांत जास्त गरज तीच दवाखान्यापासून लांब राहते. यावर सोपा तोडगा माझ्याजवळ नाही, पण तो शोधायला हवा.

लग्न पुढं ढकलणाऱ्या दोन गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. एक, मुलींसाठी हंगामाच्या काळातलं वसतिगृह, जिथं बाई अधीक्षक रात्री खरोखर मुक्कामी असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवान बाबा वसतिगृह योजना आली तेव्हा म्हणूनच आनंद झाला. दुसरी, वेळेवर येणारी एसटी. बालविवाहाच्या आराखड्यात एसटीचं वेळापत्रक असावं हे म्हटलं की अधिकारी हसतात. पण ज्या वस्तीवर सकाळची गाडी सुरू झाली, तिथल्या पोरी दहावीला बसल्या.

बीडमध्ये मुलींची संख्या इतकी का घसरली होती?

२००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या, राज्यात सगळ्यांत कमी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८ चा, देशाचा १९९४ चा. म्हणजे कायदा होता आणि मुली तरीही कमी होत गेल्या. सोनोग्राफी मशीन तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं, पण लेकीला शेतात वाटा द्यायची रीत पोचली नाही. २०१२ नंतर धाडी पडल्या, मशीनं सील झाली, खटले चालले आणि धाक बसला. धाकाचा उपयोग होतो, हे मी मान्य करते. पण "म्हातारपणी कोण बघणार" याचं उत्तर मिळेपर्यंत धाक सैल सोडता येणार नाही.

पाण्याचा आणि आजाराचा संबंध सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वेगळं काय सांगण्यासारखं?

गढूळ पाणी प्यालं की हगवण, हे ठाऊक आहे. पाणी *आणण्याचा* आजार कुणी मोजत नाही.

२०१६ च्या मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते फोटो सगळ्यांनी पाहिले. त्या उन्हाळ्यात घरोघर काय चाललं होतं? घागरी रांगेत लावून बाया रात्रभर टँकरची वाट बघत होत्या. थोरल्या पोरींची शाळा सुटली होती. पाणी वाचावं म्हणून बाया कमी पाणी पीत होत्या. लघवीला जळजळ आणि मुतखडा यांचे पेशंट वाढले की दुष्काळ आला, हे आमच्याकडचा कोणताही जुना डॉक्टर सांगेल. बाळंतिणीच्या आंघोळीला अर्धी बादली. हात धुवायला शिकवणारे आम्ही लोक त्या उन्हाळ्यात तोंड उघडू शकलो नाही.

संडासाचंही तेच. अनुदानातून संडास बांधले गेले, गावं हागणदारीमुक्त जाहीर झाली, उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला पहाटे गुडमॉर्निंग पथकं फिरली. एका म्हातारीनं मला विचारलं, "एका टमरेलात भागतं तिथं दोन बादल्या कोण आणंल, तू?" बादल्या सुनेनंच आणायच्या होत्या, म्हणून सुनेनंच संडासात जळण रचून ठेवलं. तिला मागास म्हणण्याआधी तिच्या घरापासून आडापर्यंतचं अंतर एकदा चालून बघावं.

खोल बोअरचं पाणी हा आणखी एक विषय. नांदेडच्या किनवट भागात फ्लोराइडनं दात पिवळे पडतात, हाडं आखडतात. लोक त्याला पिढ्यान्‌पिढ्या वाताचं दुखणं समजत आले.

लोक आधी देवऋषीकडं किंवा दर्ग्यावर का जातात? अंधश्रद्धा हेच कारण ना?

थोडं आहे, सगळं नाही. देवऋषी रात्री बारालाही दार उघडतो, तुमच्या बोलीत बोलतो, "काय होतंय" असं विचारून तासभर ऐकतो, उधारीवर थांबतो. आरोग्य केंद्रात तेवढ्यात चाळीस पेशंट तपासून होतात. लोक माणूस बघून जातात. म्हणून नव्या डॉक्टरांना माझं एकच सांगणं असतं: बाई बसली की आधी तिचं नाव-गाव विचारा, मग दुखणं.

पण दोन ठिकाणी मी अजिबात मऊ होत नाही. पहिलं, साप आणि विंचू. मंत्रात गेलेला अर्धा तास परत येत नाही. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे जगाला दाखवणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. काम त्यांनी कोकणात महाडला केलं. पूर्वी दवाखान्यात आलेल्या गंभीर रुग्णांपैकीही पुष्कळ दगावायचे, आता वेळेत पोचलेला क्वचितच जातो. आमच्या मातीतल्या माणसानं शोधलेला इलाज असताना उतारा कशाला?

दुसरं, "बाहेरचं" म्हणून मनोरुग्णाला साखळीनं बांधणं, चटके देणं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं असा अघोरी छळ गुन्हा ठरतो. दर्ग्यावर किंवा देवळात मनाला उभारी मिळते, ती घ्यावी. गोळी बंद करू नये. आमच्याकडं एका दर्ग्याचे मुजावर आता स्वतःच आलेल्या माणसाला विचारतात, "दवाखान्याचा कागद आणलास का?" आम्ही त्यांच्याकडं जाऊन जमिनीवर बसलो, चहा घेतला, त्यांचं ऐकलं. तिथून ते सुरू झालं.

आरोग्यात जात अजून आडवी येते?

येते. पाइपलाइन गावात येते तेव्हा तोटी कुठल्या गल्लीपासून सुरू होते ते बघा, आणि उन्हाळ्यात शेवटच्या तोटीला पाणी पोचतं का ते बघा. गावकुसाबाहेरच्या वस्तीत लसीकरणाचं सत्र भरतं का, की "त्यांनी अंगणवाडीत यावं" असं सांगितलं जातं? पारधी पाल, वडार वस्ती, गोसावी, मसणजोगी यांची नावं कितीदा कोणत्याच यादीत नसतात, कारण रेशनकार्ड नसतं. सुईण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या जातींच्या बायांनी बाळंतपणं केली, आणि नाळ कापणारे तेच हात सव्वा महिन्यानंतर चुलीला चालत नसत, हे आमच्या आज्यांनी पाहिलेलं आहे.

बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. त्यांनी गावोगावच्या निरक्षर, पुष्कळदा दलित बायांनाच आरोग्य कार्यकर्त्या केलं. सवर्ण बाळंतिणीच्या बाजेवर दलित कार्यकर्ती बसली आणि तिच्या सल्ल्यानं लेकरू वाचलं, तेव्हा आरोग्यही सुधारलं आणि शिवाशिवही ढिली पडली. पुढं देशात जी आशा योजना आली, तिच्या मुळाशी अशाच कामांचा अनुभव आहे.

आपलं पारंपरिक खाणं चांगलं की वाईट?

मुळात फार चांगलं. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, अंबाडी, तीळ-जवस-कारळाची चटणी. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला शेतात जी भज्जी होते, तिच्यात तूर, वाटाणा, हरभरा, पावटा, पालेभाज्या सगळं पडतं, वर आंबील. आहारतज्ज्ञानं ठरवलं तरी याहून नेटकं ताट मांडता येणार नाही. मग रक्त कमी का? कारण शिवारात ज्वारी मागं पडून सोयाबीन आलं, कापूस आला. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. घरचं दूध डेअरीला जातं. शेतात पिकतं ते बाजारात जातं आणि ताटात येतं ते दुकानातून. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायांना घरच्या जमिनीतला एक एकर स्वतःच्या निर्णयानं पिकवायला प्रोत्साहन दिलं. जिथं बाईच्या हातात एक एकर आला तिथं डाळी-भाज्या परतल्या.

बाळंतिणीच्या रीतींत शेपू, बाळंतशोपा, डिंकाचे लाडू ठेवा. पहिला चीक पिळून टाकणं आणि बाळाला घुटी-मध चाटवणं सोडा. खोलीतली धुरी बाळाच्या छातीला वाईट.

सगळं बायांबद्दलच. बाप्यांचं काय?

रास्त प्रश्न. मराठवाड्यात गेली काही वर्षं दरवर्षी हजाराच्या आसपास शेतकरी आत्महत्या करत आहेत. कर्ज, पाऊस, भाव ही कारणं सगळे सांगतात. मी अजून एक जोडते: पुरुषानं रडायचं नाही, ही रीत. सावकार दारात उभा राहिला तरी बायकोला कळू द्यायचं नाही. लेकीचं लग्न थाटात झालंच पाहिजे, नाहीतर भावकीत मान खाली. या ओझ्याला कुठला डॉक्टर तपासणार? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तो प्रत्येक फाट्यावर मिळतो. झोप येत नाही म्हणून दारू, आणि दारू सुटत नाही म्हणून तोंड लपवणं.

सरकारनं प्रेरणा प्रकल्पातून जिल्हा रुग्णालयांत समुपदेशन सुरू केलं आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कुठल्याही वेळी, मराठीतून, फुकट बोलायला आहे. घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, देणं-घेणं आवरून ठेवत असेल, कीटकनाशकाच्या डब्याजवळ घुटमळत असेल तर थेट विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?" विचारल्यानं विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवा. एवढ्या एका गोष्टीनं जीव वाचतात.

मराठवाडाच मागं का? पश्चिम महाराष्ट्रातही याच रीती आहेत.

रीती सारख्याच असल्या तरी इतिहास सारखा नाही. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. शाळा, रस्ते, पाटबंधारे उशिरा आले. १९८४ च्या दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे विकासातली मागं राहिलेली तूट, मोजून दाखवला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. त्यात आमचा पट्टा पर्जन्यछायेचा. जिथं पाणी नाही तिथं काम नाही, काम नाही म्हणून स्थलांतर, आणि स्थलांतरामुळं आरोग्यसेवेच्या यादीत नाव एका जिल्ह्यात, माणूस दुसऱ्या जिल्ह्यात. रीत त्या परिस्थितीला चिकटून राहते. परिस्थिती बदलली की रीतही सुटते, हे मी पाहिलं आहे.

लोकांचं ऐकून केलेल्या कामाचं एखादं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते जगभर शिकवलं जातं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर शोधायला कोणती तपासणी चांगली हे ठरवणारा एक मोठा अभ्यास १९९९ पासून आपल्या धाराशिव जिल्ह्यात झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया सहभागी झाल्या. २००९ मध्ये निष्कर्ष आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या तपासणीनं) या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. त्या गटात ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४.

ज्या बाया डॉक्टरला पोटसुद्धा दाखवायला लाजतात त्या या तपासणीला तयार झाल्या, कारण बार्शी-परंडा-भूम भागात १९८७ पासून कॅन्सर नोंदणीसाठी माणसं घरोघर जात होती, ओळख होती, विश्वास होता. त्या वेळी तपासणी न मिळालेल्या गटातल्या बायांवर अन्याय झाला, अशी टीका पुढं झाली आणि ती मला पटते. त्यांचेही ६४ जीव होते. आज अनेक देशांत एचपीव्ही तपासणी होते आहे. जिच्या अंगावरून हे ज्ञान निघालं त्या धाराशिवच्या प्रत्येक बाईला ती तपासणी गावाजवळ फुकट मिळाली पाहिजे.

आणि अर्धवट ऐकल्याचं उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर पडली. पुढं बावन्न गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली. घरं पक्की झाली, हे मोठं काम. पण कुणाला किती मोठं घर हे आधी किती जमीन होती त्यावर ठरलं. भूमिहीनाला सगळ्यांत लहान. रुंद सरळ रस्त्यांच्या त्या गावांत ओट्यावरच्या बैठकी हरवल्या आणि म्हातारी माणसं एकटी पडली. घराबरोबर शेजारही पडला होता, तो कुणी बांधून दिला नाही.

सक्ती केली तर लोक ऐकत नाहीत का?

कधी ऐकतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लसीकरण मागं होतं, म्हणून लस नसेल तर रेशन, गॅस, पेट्रोल नाही असा आदेश निघाला. रांगा लागल्या. पण रेशन अडवल्याचा सगळ्यांत जास्त फटका ज्याच्या घरी धान्य साठवलेलं नाही त्यालाच बसतो. त्याच काळात मशिदीच्या भोंग्यावरून आणि कीर्तनातून आवाहनं झाली, त्यांना आलेले लोक दुसऱ्या डोसलाही आले, हा माझ्या गावांचा अनुभव.

आम्ही गावकरी नेमकं काय करू शकतो?

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती कागदावर होऊ देऊ नका. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तो हिशोब मागा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत कोण आहे विचारा. पुष्कळ गावांत सदस्यांनाच आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसतं. आशाताईचा मोबदला थकला असेल तर तो तुमचाही प्रश्न आहे.

आम्ही हंगामाला निघालो आहोत. जाताना काय न्यावं?

गरोदर बाईचं आणि लेकराचं माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या. ते दाखवलं की सातारा, सांगली, कोल्हापूर, कुठंही पुढची लस आणि तपासणी मिळते. आशाताईला कारखान्याचं आणि मुकादमाचं नाव सांगून जा. लोहाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या मागून घ्या. रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स जवळ असू द्या. पाळीसाठी चार सुती घड्या आणि त्या उन्हात वाळवायला दोरी न्या. उन्हात वाळलेली घडी पुष्कळ दुखणी टाळते. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे, तो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आणि लेकराच्या पाटीवर, दोन्हीकडं लिहून ठेवा. पोट दुखलं तर हंगाम संपायची वाट बघू नका. आणि कुणी "पिशवी काढा" म्हणालं तर पैसे भरण्याआधी एकदा जिल्हा रुग्णालयात दाखवा.